चेतकचं इंजिन, मोदकाचा साचा आणि रेझिनचा खमण

परवा दांडिया बाजारात सेव-उसळ खाताना मावसभावाने विचारलं, "अरे तू गच्चीवरच्या खोलीत रात्री बारा-बारापर्यंत करतोस तरी काय?" मी म्हटलं हेलिकॉप्टरचं इंजिन बनवतो. तो म्हणाला, "आणि चालतं का ते?" आता याला काय सांगणार, करंगळीच्या दोन पेरांएवढं इंजिन, ते चालत नाही, फक्त दिसतं, आणि ते खरं दिसावं म्हणून माझे चार महिने गेलेत. त्याला समजावता समजावता दोन प्लेट उसळ संपली, म्हटलं आता लिहूनच टाकू.

तर हेलिकॉप्टर-विमानांच्या छोट्या मॉडेलची प्लॅस्टिकची किट असतात, भाग सुटे करायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हेलिकॉप्टरमध्ये जास्त करून १/७२, १/४८ आणि १/३५ ही मापं चालतात. १/७२ म्हणजे खऱ्याचे ७२ सेंटीमीटर मॉडेलवर एक सेंटीमीटर. आपलं चेतक घ्या, मुळात फ्रेंच अल्युएट थ्री, बेंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कंपनीने साठच्या दशकापासून लायसन्सवर बनवलेलं. बॉडी साधारण १०.०३ मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्ये १३९ मिलिमीटर, आणि रोटरचा, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांचा, व्यास ११.०२ मीटर, म्हणजे १५३ मिलिमीटर. एवढ्या लहानशा वस्तूत किट कंपनी काही भाग बरे बनवते, काही नुसते उरकते. मग जसं नवी गाडी घेतली की लोक सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टम बाहेरून टाकतात तसं किटमधला उरकलेला भाग काढून दुसऱ्या कोणी बनवलेला चांगला भाग लावायचा, याला आफ्टरमार्केट म्हणतात. हे भाग बहुतेक रेझिनचे असतात, म्हणजे दोन पातळ रसायनं मिसळून साच्यात ओतली की घट्ट होतं त्या प्लॅस्टिकचे.

कंपनीने पहिल्यांदाच चांगला का नाही बनवला, हा पुढचा प्रश्न, आणि याचं उत्तर माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात आहे कारण मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवणाऱ्या शॉपमध्ये आहे. किट बनतं स्टीलच्या डायमध्ये. दोन अर्धे भाग एकमेकांवर घट्ट बसतात, आत वितळलेलं प्लॅस्टिक घुसतं, थंड होतं, डाय उघडते. ती उघडते सरळ, एका रेषेत. आता घरातला मोदकाचा साचा आठवा, दोन पाकळ्या उघडल्या की मोदक बाहेर येतो कारण त्याच्या कळ्या उघडण्याच्या दिशेने मोकळ्या आहेत. समजा मोदकाला बाजूने एक कान काढला आणि त्या कानाला भोक पाडलं, तर साचा उघडताना एकतर कान तुटेल नाहीतर साचाच उघडणार नाही. याला अंडरकट म्हणतात आणि स्टीलची डाय अंडरकटपुढे हात टेकते. बाजूने सरकणारे स्लाइड टाकून निभावता येतं पण डायचा खर्च लाखात वाढतो, मग कंपनी म्हणते जाऊ दे, भरून टाक तिथे. म्हणून किटमधल्या रोटर हेडला, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या डोक्याला, जिथे दांडे आणि पोकळ्या हव्यात तिथे नुसता एक गोळा असतो.

सिलिकॉन रबराचा साचा मात्र वाकतो. भाग त्यातून ओढून काढता येतो, रबर ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. रेझिनच्या धंद्याचं सगळं गुपित हे इतकंच, त्यात बारीकपणा वगैरे नंतरच्या गोष्टी.

आणि हेलिकॉप्टरलाच याची इतकी गरज का, तर विमानाचं इंजिन झाकणाखाली लपतं, चेतकचं इंजिन मात्र पाठीवर उघडं बसलेलं असतं, पाइप, टाक्या, गिअरबॉक्स, सगळा संसार उघड्यावर. पुढे काचेचा मोठा गोल डोळा, म्हणजे आतल्या सीटपण सगळ्यांना दिसणार. लपवायला जागाच नाही.

आता "अचूक" या शब्दावर येतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नवीन माणसाला वाटतं अचूक म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरचं माप घेतलं, ७२ ने भागलं, झालं. मलाही हेच वाटायचं. माझा पहिला भाग होता केबिनची फरशी आणि सीट, भागाकार अगदी दशांशापर्यंत बरोबर, आणि तो किटच्या बॉडीत गेलाच नाही. घासला, परत घासला, तरी नाही. मग व्हर्निअर घेऊन किटच्या प्लॅस्टिकची जाडी मोजली तर १.२ मिलिमीटर. याला ७२ ने गुणा. ८६ मिलिमीटर! खऱ्या चेतकचा पत्रा असतो मिलिमीटरभराचा आणि किटची भिंत त्या हिशोबाने साडेआठ सेंटीमीटर जाड, दोन्ही बाजूच्या धरून सतरा सेंटीमीटर जागा भिंतींनीच खाल्ली. म्हणजे बाहेरून बरोबर असलेल्या बॉडीत आतून बरोबर असलेली फरशी बसूच शकत नाही, कोणीतरी खोटं बोलायलाच हवं.

मग ठरवायचं काय की चूक कुठे लपवायची. मी सीटची रुंदी खरी ठेवतो, कारण सीट डोळ्यासमोर असते, आणि दोन सीटमधली फट व कडेची जागा थोडी थोडी चोरतो. कोणी फुटपट्टी लावली तर फरशी चूक आहे, पण काचेतून बघितलं तर बरोबर आहे. रेझिनचा भाग दोन सासवांची सून असतो, एक सासू खरं हेलिकॉप्टर आणि दुसरी किट, आणि दोघींना एकमेकींचं पटत नाही. इंटरनेटवर लोक "०.३ मिलिमीटर चुकलंय" म्हणून भांडतात, त्यातल्या निम्म्यांनी तो भाग कुठल्या किटमध्ये बसवायचा हे विचारलेलंच नसतं.

पण आधी खरं माप हवं ना. एअरबेसच्या भिंतीबाहेर उभं राहून फोटो काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका, गुन्हा आहे तो. म्युझियम आहेत की, गोव्याला बोगमाळोकडे जाताना नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम आहे, बेंगळुरूला एचएएलचं आहे, दिल्लीला पालमला एअर फोर्सचं आहे. आम्ही गोव्याला गेलो तेव्हा घरचे सगळे बीचवर आणि मी दुपारच्या उन्हात चेतकभोवती प्रदक्षिणा घालत होतो, बायको अजून ऐकवते.

फोटोवरून माप काढताना एक गोष्ट कळली पाहिजे, जवळची वस्तू मोठी दिसते, हे माहीत सगळ्यांना असतं पण किती मोठी हे कोणी मोजत नाही. समजा बॉडीची कड तुमच्यापासून पाच मीटरवर आहे आणि चाक एक मीटर अलीकडे, चार मीटरवर. चाक पाच भागिले चार, म्हणजे २५ टक्के मोठं दिसणार. हाच फोटो मागे जाऊन तीस मीटर अंतरावरून झूम लावून काढला तर फरक साडेतीन टक्क्यांवर येतो. म्हणून मागे जा, जितकं जाता येईल तितकं, आणि मोबाइलची ती वाइड लेन्स तर विसराच. मग एक माहीत असलेलं माप पकडायचं, जसं बॉडीची लांबी, किंवा टायरवर उठवलेला साइझ वाचायचा, आणि त्याच्याच रेषेत असलेल्या बाकीच्या गोष्टी त्या प्रमाणात काढायच्या. मात्र म्युझियममधलं मशीन म्हणजे पेन्शनर, दात पडलेले असतात, एखादी नळी गायब, एखादं झाकण भलतंच, रंगाचे थर चढलेले. उडत्या काळातले जुने फोटो शेजारी ठेवल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

बाजू उलटी होणं ही तर मोठीच फसगत. वरून बघितलं तर चेतकचा रोटर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, फ्रेंच आणि रशियन मशीन साधारण तशीच, अमेरिकन उलटी. म्हणजे पात्याची जाड गोल कड कुठल्या बाजूला येणार हे ठरलेलं आहे. मी एकदा कॉम्प्युटरवर डावी बाजू बनवली आणि आळशीपणाने मिरर मारून उजवी केली, तर अख्खं रोटर हेड अमेरिकन होऊन बसलं! रशियन एमआय-८ चा शेपटीचा पंखा उजवीकडे असतो आणि त्याच घराण्यातल्या एमआय-१७ चा डावीकडे, फोटो कोणी उलटा छापला असेल तर धाकटा भाऊ थोरल्यासारखा दिसतो.

माप मिळालं की मास्टर बनवायचा, म्हणजे पहिला नमुना ज्याचा साचा घ्यायचा. जुने लोक प्लॅस्टिक शीट, तारा, सुया कापून हाताने बनवायचे. मी आता बहुतेक कॉम्प्युटरवर काढून रेझिन प्रिंटरवर काढतो, तो प्रिंटर खालून प्रकाश टाकून पातळ रेझिनचा एकेक थर घट्ट करत जातो, माझा थर असतो ०.०३ मिलिमीटरच्या आसपास. तिथे पुन्हा मोह होतो, स्क्रीनवर झूम करून करून माणूस प्रत्येक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, काढतो. खरा रिव्हेट पाच मिलिमीटरचा धरला तर १/७२ मध्ये ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढा. त्यावर प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात, झालं, गेला रिव्हेट. म्हणून जे दिसायला हवं ते थोडं वाढवून काढायचं आणि जे बुडणारच आहे ते काढायचंच नाही. पत्र्याच्या कडेचंही तसंच, एक मिलिमीटरचा पत्रा १/७२ मध्ये ०.०१४ होतो, असा भाग ओतताच येत नाही, मग भाग जाडच ठेवायचा आणि दिसणारी कड फक्त आतून तिरकी घासून धारदार करायची, डोळा फसतो.

प्रिंट डायरेक्ट का विकत नाही असं लोक विचारतात, आणि आजकाल बरेच विकतातही. छोट्या संख्येत ते परवडतं. पण सपोर्टचे, म्हणजे प्रिंट होताना भागाला धरणाऱ्या काड्यांचे, टोचे कुठेतरी राहतात, थरांच्या पायऱ्या राहतात, आणि बरीच प्रिंटर रेझिन काही महिन्यांनी ठिसूळ होतात. मास्टर मी एकदाच घासून, प्रायमर मारून, दिव्याखाली तिरका धरून तासनतास बघतो, तो एकदा साफ झाला की पुढचे तीस भाग साफ निघतात.

साच्याचं सिलिकॉन दोन जातीचं, टिनवालं आणि प्लॅटिनमवालं. प्लॅटिनमवालं जवळजवळ आकसत नाही, साचा टिकतो जास्त, पण नखरे फार. गंधक असलेली क्ले लागली, रबरी लेटेक्सचे ग्लोव्हज लागले, किंवा नीट न सुकलेली प्रिंट आत गेली की ते जमतच नाही, मास्टरवर चिकट खीर राहते आणि तो मास्टर घासून काढता काढता रडायला येतं. टिनवालं सगळं सांभाळून घेतं पण आकसतं, सुरुवातीला कमी आणि नंतर हळूहळू जास्त. रेझिनपण थोडं आकसतं. समजा दोन्ही मिळून अर्धा टक्का, पन्नास मिलिमीटरच्या फरशीत पाव मिलिमीटर गेला, आणि फरशी बॉडीत खडखड वाजते. उपाय साधा, आपल्याच सिलिकॉन-रेझिनमध्ये पन्नास मिलिमीटरची पट्टी ओतून बघायची, व्हर्निअर लावायचा, जेवढी कमी भरली तेवढा मास्टर आधीच मोठा करायचा. दुसऱ्याचा भाग विकत घेऊन त्याचाच साचा मारणारे चोर इथेच पकडले जातात बरं का, कॉपीची कॉपी प्रत्येक वेळी थोडी लहान होते.

रोटर हेडचा साचा हे खरं डोकं खाणारं काम. मधे हब म्हणजे मधला गाभा, तीन बाजूंना तीन हात, खाली पाती वाकवणारे दांडे. अख्खं एकत्र ओतायचा हट्ट मी सोडला. हब आणि हात एकत्र ओततो, बारीक दांडे पितळी तारेचे लावा असं सांगतो, कारण ०.३ मिलिमीटरचा रेझिनचा दांडा साच्यातच तुटतो आणि तुटलेला तुकडा साच्यात राहिला की पुढचे सगळे भाग बाद. त्याच कारणाने चीता हेलिकॉप्टरची ती नळ्यांची उघडी शेपूट रेझिनमध्ये करू नये, पितळी तारा सोल्डर करा, सरळ राहते. पण चीताचा एक फायदा आहे. ते मशीन भारताच्या गरजेसाठी फ्रेंचांनी जोडून दिलं, सांगाडा धाकट्या अल्युएट टूचा मजबूत करून आणि इंजिन-रोटर अल्युएट थ्रीचं, म्हणजे चेतकचंच. याच घराण्यातल्या लामा हेलिकॉप्टरने १९७२ मध्ये १२,४४२ मीटरची उंची गाठली होती, आणि आपली चीता सियाचीनला वर्षानुवर्षं सामान पोचवत राहिली. माझ्यासाठी याचा अर्थ इतकाच की रोटर हेडचा एक मास्टर दोन हेलिकॉप्टरांना चालतो. चार महिन्यांची मेहनत अर्धी वाटली गेली.

आता रेझिन. दोन बाटल्या, सम प्रमाणात, ढवळायचं, ओतायचं, पंधरा-वीस मिनिटांत भाग हातात. वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा मी ओतलं ते जुलै महिन्यात, बाहेर बडोद्याचा पाऊस, विश्वामित्री नदी फुगलेली, भिंतींना ओल. ढवळलं, ओतलं, आणि बघता बघता रेझिन साच्यातून वर यायला लागलं, फुगतंय, फुगतंय, वर पिवळसर जाळीदार टोपी. आई चहा घेऊन वर आली, बघून म्हणाली, "अरे, हे काय, खमण केलंस का?" मला हसू आलं नाही त्या दिवशी, पण नंतर कळलं की आई केमिस्ट्रीत अगदी बरोबर होती. खमण फुगतं ते सोडा आणि लिंबाने निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. या रेझिनच्या एका बाटलीत आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याला पाण्याचा अंश मिळाला की तोच वायू निघतो. पाणी हवेतून येतं, ओल्या काडीतून येतं, अर्धी वापरलेली बाटली उघडी राहिली तर तिच्यातही शिरतं. तेव्हापासून बाटल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात, ढवळायला लाकडी काडी नाही तर स्टीलची, आणि साचा ओतायच्या आधी बल्बखाली गरम केलेला. आषाढ-श्रावणात तर मी ओततच नाही सरळ, मास्टर घासत बसतो.

मे महिन्याचं दुखणं वेगळं. बाटलीवर लिहिलेलं असतं हाताळायला चार मिनिटं, पण ती पंचवीस डिग्रीची. चाळीसच्या पुढे गेलं की दीड-दोन मिनिटांत कपातच घट्ट व्हायला लागतं आणि कप हाताला चटका देतो. पहाटे पाचला उठून ओतायचं, दुसरा इलाज नाही.

बुडबुडे तरी राहतातच, हवा कोपऱ्यात अडकते. यासाठी प्रेशर पॉट. बंद डब्यात साचा ठेवून कॉम्प्रेसरने साधारण ४० पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप) हवा भरायची. लोकांना वाटतं बुडबुडा निघून जातो, तो जात नाही, दबतो. ४० पीएसआयला त्याचं आकारमान पावणेचार पटीने कमी होतं पण व्यास जेमतेम दोन-तृतीयांश राहतो, बाकी काम रेझिनमध्ये हवा विरघळण्याने होतं. यात एक फजिती अशी की साच्याच्या सिलिकॉनमध्येच बुडबुडे राहिले असतील तर प्रेशरखाली तेही दबतात, साच्याची भिंत तिथे खचते आणि भागावर फोड उठतात, छान गुळगुळीत बॉडीवर कांजिण्या. म्हणून सिलिकॉन आधी व्हॅक्यूममध्ये फुगवून खाली बसवायचं, किंवा तेही प्रेशरमध्येच जमवायचं. आणि हात जोडून सांगतो, घरचा कुकर यासाठी वापरू नका. तो पंधरा पीएसआयच्या आसपासचा आहे, त्यात कॉम्प्रेसर लावणं म्हणजे बॉम्ब बनवणं. रंगाच्या स्प्रेचा प्रेशर टँक मिळतो, त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो घ्या. ग्लोव्हज नायट्राइलचे, खिडकी उघडी, आणि घासताना पाण्याखाली घासा, ही भुकटी फुप्फुसात जायची वस्तू नाही.

रोटरची पाती मला सगळे मागतात, मी देत नाही. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, किटमध्ये ती सरळ असतात, म्हणून लोकांना झुकलेली हवी असतात. पण रेझिनचं लांब पातळ पातं आपल्याकडच्या उन्हाळ्यात हळूहळू आणखी झुकतं. मी नमुन्याची तीन पाती गच्चीच्या खोलीत पत्र्याच्या कपाटावर ठेवली होती, जूनमध्ये बघितलं तर एक केळ्याच्या सालीसारखं लोंबत होतं. किटचीच पाती घ्या, मुळाशी गरम पाण्यात दोन मिनिटं धरून हलक्या हाताने वाकवा, लगेच थंड पाण्यात.

भाग पाठवताना मी ओततानाच भागाखाली तयार होणारा रेझिनचा ठोकळा कापत नाही. काही जण रागावतात की काम अर्धवट दिलं, पण तोच ठोकळा पोस्टात भागाला सांभाळतो आणि रंगवताना धरायला मूठ होतो. रंग झाला की बारीक पात्याच्या करवतीने कापा, करवत ठोकळ्याच्या बाजूला झुकलेली ठेवा, उरलेलं पॉलिश पेपरने पाण्यात घासा. किटवाला सोल्युशन यावर धरत नाही, ते प्लॅस्टिक वितळवून जोडतं आणि रेझिन त्याने वितळत नाही, फेविक्विक लागेल, आणि अगदी थोडं, सुईच्या टोकावर घेऊन.